नीट हुकली म्हणून मायक्रोबायोलॉजी घेतलं, आता पुढे काय?

पत्र थोडक्यात असं: लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात राहणारी ही वाचक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मायक्रोबायोलॉजी, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र. बारावीनंतर तिनं नीट, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा, दोनदा दिली. दोन्ही वेळा सरकारी कॉलेजपुरते गुण मिळाले नाहीत आणि खासगीची फी घरच्यांच्या आवाक्याबाहेरची होती. वडिलांची चार एकर कोरडवाहू शेती आणि दोन म्हशी. वडील म्हणतात, अजून एकदा नीट दे, नाहीतर डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, करून तालुक्यात लॅब टाक. पुण्यातले मामा म्हणतात, मायक्रोला स्कोप नाही, पंधरा हजारांवर कुणी घेत नाही, त्यापेक्षा कॉम्प्युटरचा कोर्स कर. आईला वाटतं, पदवी झाली की स्थळं बघायला लागावं. ती लिहिते: "प्रॅक्टिकलला दह्याचं ग्रॅम स्टेनिंग केलं, म्हणजे जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. माझ्या स्लाइडवर जांभळ्या काड्या आणि साखळ्या दिसल्या, मैत्रिणीच्या स्लाइडवर त्याच दह्यातलं सगळं गुलाबी. सर म्हणाले, सोड, जर्नल लिही. मी सबमिशन झाल्यावर पुन्हा करून बघितलं. तिनं अल्कोहोल जास्त वेळ ठेवलं होतं. पण हे आवडणं म्हणजे करिअर नव्हे ना? डॉक्टर होता आलं नाही ते आलंच नाही. एम.एस्सी. करून मी शेवटी काय होणार?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातला स्लाइडचा प्रसंग तू सहज लिहून गेलीस, पण मी सुरुवात तिथूनच करणार आहे. रंग उडवण्याच्या पायरीला अल्कोहोल थोडं जास्त वेळ राहिलं की जांभळे दिसायला हवेत ते जिवाणूही रंग सोडतात आणि सॅफ्रानिन हा दुसरा रंग घेऊन गुलाबी होतात. पुस्तकात हे एका ओळीत असतं. पण एकाच दह्यातून दोन रंग कसे आले, हा प्रश्न तुला पडला आणि मार्क मिळून गेल्यावरही तू तो सोडला नाहीस. चुकलेल्या निकालाचं कारण शोधत बसणं हा या क्षेत्रातला रोजचा उद्योग आहे. ज्यांना त्याचा कंटाळा येतो ते पहिल्या दर्जात पास होऊनही दोन वर्षांत दुसरीकडे वळतात. तेव्हा "आवडणं म्हणजे करिअर नव्हे" हे तुझं म्हणणं अर्धंच खरं आहे. आवडीवर पोट भरत नाही हे मान्य. पण तुला जे आवडलंय ते नेमकं कामाचं आहे.

आता तुझ्या मनातला मोठा काटा. डॉक्टर होता आलं नाही म्हणून उरलंसुरलं मायक्रो. लातूरसारख्या ठिकाणी, जिथे गल्लीगल्लीत नीटचे फलक लागलेले असतात, तिथे असं वाटणं स्वाभाविक आहे. पण तुझ्या विषयाच्या इतिहासाकडे जरा बघ. लुई पाश्चर रसायनशास्त्रज्ञ होता. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस तयार करून 10 जानेवारी 1897 ला स्वतःला टोचून घेणारा वाल्देमार हाफकिन शिकला होता प्राणिशास्त्र. वैद्यकीय पदवी त्याच्याकडे नव्हती, आणि त्यावरून त्याला डॉक्टर मंडळींचे टोमणेही ऐकावे लागले. आज परळला जी हाफकिन संस्था आहे ती 1899 मध्ये त्याच्याच प्लेग प्रयोगशाळेतून उभी राहिली. हा विषय वैद्यकाच्या शेजारी वाढला, पण त्याच्या मागच्या दारानं आलेला नाही.

हाफकिनची आणखी एक गोष्ट तुला सांगते, कारण पुढे नोकरीबद्दल जे बोलायचंय त्याच्याशी तिचा थेट संबंध आहे. 1902 मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेले 19 लोक धनुर्वातानं गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिनला कामावरून दूर केलं गेलं, आणि त्याच्यावरचा डाग पुसायला 1907 उजाडलं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे चौकशीतल्या साक्षींतून पुढे आलं होतं. एक चिमटा, एक बाटली, 19 माणसं. तुमच्या कॉलेजात लॅमिनारसमोर, म्हणजे जंतुविरहित हवेच्या कपाटासमोर, बसताना "हात आधी स्पिरिटनं पुसा, बर्नरच्या जवळच प्लग उघडा" असं मॅडम ओरडतात ना, ते यासाठी.

आता मामांकडे येऊ. सुरुवातीच्या पगाराबद्दल ते फार चुकीचं सांगत नाहीत, आणि हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. नुसत्या बी.एस्सी.वर औषध कंपनीत क्यूसी मायक्रोला, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या मायक्रो विभागात, लागलं तर पहिली दोन-तीन वर्षं पगार तुटपुंजा असतो, बऱ्याचदा नोकरी कॉन्ट्रॅक्टवर असते, पाळ्या असतात. पण मामा पहिल्या पगारावरून सबंध आयुष्याचा हिशोब करतात, तिथे त्यांचं चुकतं. इंजेक्शन, सलाईन, लस, डोळ्यांत घालायचे थेंब बनवणाऱ्या कुठल्याही कारखान्याला मायक्रो विभाग ठेवावाच लागतो. तो कायद्यानं आणि ऑडिटनं बांधलेला आहे. दोन वर्षं तिथे नीट काम केलेल्या मुलीला दुसरी कंपनी चांगला पगार देऊन घेते, कारण हातातलं हे कौशल्य वर्गात शिकवता येत नाही.

ते काम असतं तरी काय, ते जवळून बघ. सकाळी पाण्याचे नमुने घ्यायचे. औषध भरण्याच्या खोलीत ठरलेल्या जागी जिवाणू वाढवायच्या प्लेटा उघड्या ठेवायच्या, जास्तीत जास्त चार तास, मग झाकून इनक्युबेटरमध्ये. तयार मालातल्या कुप्यांची स्टेरिलिटी टेस्ट, म्हणजे निर्जंतुकतेची चाचणी, लावायची आणि 14 दिवस रोज नळ्या उजेडासमोर धरून गढूळपणा येतो का ते बघायचं. मीडिया, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, बनवायचा, दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह लावायचा आणि प्रत्येक गोष्ट घडली त्याच वेळी लिहायची. कंटाळवाणं वाटेल. पण एखाद्या दिवशी, जिथे काहीच यायला नको त्या प्लेटवर एक कॉलनी, म्हणजे जिवाणूंचा ठिपका, दिसते. मालाची गाडी दारात उभी असते, वरिष्ठ घाईत असतात, आणि ती एक कॉलनी "शून्य" लिहून टाकायचा मोह सगळ्यांना होतो. त्या क्षणी "एक" लिहिणारी आणि ती कुठून आली हे शोधायला लागणारी मुलगी म्हणजे मायक्रोबायोलॉजिस्ट. मैत्रिणीची गुलाबी स्लाइड तू जशी शोधून काढलीस, तसंच हे. म्हणून मला तुझ्याबद्दल काळजी वाटत नाही, घाई वाटते.

औषधांपलीकडेही बरंच आहे, आणि ते तुझ्या गावापासून फार लांब नाही. दूध संघाची प्रयोगशाळा घे. दुधात टाकलेल्या मिथिलीन ब्लूचा निळा रंग किती वेळात उडतो यावर कच्च्या दुधाची प्रत ठरते, ते काम मायक्रोवाल्यांचं. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीवर यीस्ट वाढवून अल्कोहोल काढतात, आणि इथेनॉलमुळे त्या कामाला आता बरे दिवस आहेत. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत, मराठवाड्यातल्या मुलांनी त्यांची चौकशी जरूर करावी. रायझोबियम, अझोटोबॅक्टर, ट्रायकोडर्मा यांची जिवाणू-बुरशी खतं बनवणारे छोटे उद्योग आहेत. कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, तिथे बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, मोजायची बाटली 27 अंशांवर तीन दिवस ठेवायची असते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांत गावोगावच्या पिण्याच्या पाण्यात कोलिफॉर्म, म्हणजे मैल्याच्या दूषिततेची खूण असलेले जिवाणू, आहेत का ते तपासतात. यातलं काही टीव्हीवर दिसत नाही म्हणून "स्कोप नाही" असं लोक म्हणतात.

सरकारी नोकरीचं विचारलं नाहीस, पण विचारशीलच. अन्न व औषध प्रशासनातल्या अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या पात्रतेत मायक्रोबायोलॉजीची पदवी आहे. जागा रोज निघत नाहीत, परीक्षा स्पर्धेची असते, म्हणून फक्त तिच्याच भरवशावर बसू नये, पण अभ्यासक्रम बघून ठेव. औषध निरीक्षकाचं मात्र वेगळं. त्या पदाला फार्मसीची पदवी लागते किंवा विशिष्ट विषयातली वैद्यकीय पदवी. "मायक्रोवाल्यांनाही चालतं" असं क्लासवाले सांगतात तेव्हा तिथे मायक्रो म्हणजे डॉक्टर झाल्यावर घेतलेलं मायक्रो, बी.एस्सी.चं नव्हे. दरवर्षी कितीतरी मुलं या गैरसमजात फी भरतात.

आता वडिलांचा डीएमएलटीचा पर्याय. तो मी उडवून लावत नाही. रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करायचं असेल तर डीएमएलटीसारखं शिक्षण लागतं, बी.एस्सी. मायक्रो त्याची जागा घेत नाही, आणि पदवीनंतर करता येणारे त्याचे छोटे अभ्यासक्रमही आहेत. पण "तालुक्यात लॅब टाक" हे वाटतं तितकं सरळ नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केलं की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच हवी. म्हणजे लॅब तू चालवलीस तरी सहीसाठी डॉक्टर बांधून घ्यावे लागतील. हे वडिलांना शांतपणे सांग. त्यांना तुझं हित हवंय, फक्त नियम माहीत नाही.

तिसऱ्यांदा नीट? 2024 मध्ये 23 लाखांहून जास्त मुलं त्या परीक्षेला बसली होती. नीटला वयाची वरची मर्यादा नाही आणि किती वेळा द्यायची यालाही बंधन नाही, त्यामुळे थांबायचं कधी हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. तू स्वतःला एकच विचार. तुला रुग्णाशेजारी उभं राहायचंय का? रात्री-अपरात्री नाडी धरायची, नातेवाइकांशी बोलायचं, निर्णय घ्यायचा, याची ओढ आहे का? असेल, आणि मागच्या वेळचे गुण कटऑफच्या अगदी जवळ असतील, तर पदवी न सोडता एक प्रयत्न कर, मी अडवणार नाही. पण तुझ्या पत्रात रुग्णाचा एकदाही उल्लेख नाही. उल्लेख आहे तो दह्याचा, स्लाइडचा आणि अल्कोहोलचा. तुला डॉक्टर व्हायचं होतं की "डॉक्टरीण" म्हणून गावात ओळख हवी होती? दोन्हींत लाज काही नाही, पण उत्तर वेगवेगळं येईल.

एम.एस्सी. करावी का, यावर माझं मत स्पष्ट आहे: करावी, पण कुठलीही नव्हे. घराजवळच्या कॉलेजात जागा आहे म्हणून भरलेली एम.एस्सी. आणि जिथे स्वतःच्या हातानं सहा महिने प्रकल्प करायला मिळतो ती एम.एस्सी., कागदावर सारख्या दिसतात आणि मुलाखतीत पाच मिनिटांत वेगळ्या पडतात. प्रवेश घेण्याआधी तिथे जा. इन्क्युबेटर चालू आहेत की टेबलावर कपडा टाकून ठेवलेत ते बघ. शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचार: प्लेट स्वतः ओतता का, की ओतलेली मिळते? मागच्या वर्षीचे कुठे लागले? पुणे आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांत हा विषय जुना आहे. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, विषाणूशास्त्राची एम.एस्सी. आहे. 1952 पासून उभी असलेल्या त्या संस्थेचं नाव कोविडच्या वेळी तुझ्या घरातही ऐकलं गेलं असेल.

पैशांचं. इथे बहुतेक मुली माहितीअभावी मागे पडतात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा आहे. तिच्यातून ज्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो तिथे दरमहा विद्यावेतन मिळतं. जॅम या आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेत मायक्रोचा वेगळा पेपर नाही, बायोटेक्नॉलॉजीचा आहे, आणि त्यात गणित-भौतिकशास्त्राचे प्रश्न येतात. नीटसाठी तू फिजिक्स घासलंयस ते इथे कामी येईल, म्हणजे ती दोन वर्षं वाया गेलेली नाहीत. पुढे संशोधनात जावंसं वाटलं तर सीएसआयआर-नेट लाइफ सायन्सेस ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आहे. त्यात ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. मामांना हा आकडा सांग. मात्र तो कठीण परीक्षेनंतरचा आहे, हेही लगेच सांग, नाहीतर एक गैरसमज काढून दुसरा घालशील. राज्याच्या शिष्यवृत्त्या आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठीचा पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आहे. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन स्वतः अट वाचून घे. क्लार्क "बंद झालंय" म्हणाला तर कधी आणि कुठल्या आदेशानं ते विचार.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे चौथं वर्ष हाही एक पर्याय झालाय. तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा संशोधनासह चौथं वर्ष करून पुढे एका वर्षात एम.एस्सी. करता येते. तुझ्या कॉलेजात चौथं वर्ष खरंच नीट चालणार आहे का, मार्गदर्शक कोण, उपकरणं कोणती, हे कळल्याशिवाय मात्र तिथेच राहायचं कबूल करू नकोस. तिसऱ्या वर्षानंतर पुण्याला किंवा कोल्हापूरला जाणं जास्त फायद्याचं ठरू शकेल.

आणि मामांचा कॉम्प्युटर कोर्स? त्याचा राग धरू नकोस. मायक्रो सोडून तो करण्यात अर्थ नाही, पण मायक्रोबरोबर एक्सेल चांगलं येणं, थोडी संख्याशास्त्राची ओळख, आणि जमलं तर जीनोमच्या माहितीशी खेळायला लावणारी पायथनसारखी भाषा, हे फार उपयोगी आहे. एका मुलीला प्लेटवरच्या कॉलन्या मोजता येतात, दुसरीला सहा महिन्यांच्या मोजण्यांवरून कुठल्या खोलीत बिघाड सुरू झालाय ते आलेखात दाखवता येतं. बढती दुसरीला मिळते.

या दिवाळीच्या सुट्टीत एक काम कर. उदगीर, लातूर, सोलापूर, जिथे जवळ असेल तिथल्या दूध संघाला, डिस्टिलरीला किंवा पाणी तपासणी प्रयोगशाळेला कॉलेजच्या पत्रासह अर्ज दे: दोन-तीन आठवडे विनावेतन शिकायला येते. बहुतेक ठिकाणी नकार येईल. पाच-सहा अर्ज दिलेस तर एखादं दार उघडेल. तिथे गेलीस की काचेची भांडी धुण्यापासून सगळं कर आणि रोज काय केलं ते वहीत लिही. मुलाखतीत "ऑटोक्लेव्ह 121 अंशांवरच का?" हे विचारतात तेव्हा पाठ केलेलं उत्तर सगळेच देतात. "एकदा आमच्या ऑटोक्लेव्हची हवा पूर्ण बाहेर गेली नव्हती, दाब 15 पौंड दिसत होता पण निर्जंतुकता तपासायच्या पट्टीचा रंग बदलला नाही" असं सांगणारी मुलगी लक्षात राहते. आणि जर्नलमध्ये जे चुकलं तेही लिहायची सवय आत्तापासूनच ठेव.

आईच्या काळजीचंही बोलायला हवं. स्थळं बघणं आणि शिकणं ही भांडणाची जागा करू नकोस. आईला तारीख दे. "एम.एस्सी.ची दोन वर्षं होऊ दे, मग बघू" यापेक्षा "या जूनमध्ये पदवीचं तिसरं वर्ष, त्यानंतर या परीक्षा, अमुक महिन्यात निकाल" असा कागद तिच्या हातात ठेवलास तर तिला तुझं म्हणणं हट्ट वाटणार नाही. पाळ्यांच्या नोकरीबद्दल ती विचारेल. तिला खरं सांग: कारखान्यात रात्रपाळी असू शकते, म्हणून नोकरी घेताना वाहनाची सोय आहे का ते आधी विचारायचं. चाचणी प्रयोगशाळा, दूध संघ, शिक्षण, संशोधन इथे बहुतेकदा दिवसाचं काम असतं.

आणि वडिलांना एकदा बरोबर घेऊन जा. ते रोज डेअरीत दूध घालतात ना? फॅट लावतात तिथे नव्हे, संघाच्या मुख्य प्रयोगशाळेत. तिथल्या मायक्रोबायोलॉजिस्टला विनंती कर की वडिलांना त्यांच्याच दुधाच्या नमुन्याची मिथिलीन ब्लू टेस्ट दाखवा, नळीतला रंग किती वेळ टिकतो ते त्यांना स्वतः बघू दे. तपासणी करणाऱ्या माणसानं किंवा बाईनं काय शिक्षण घेतलंय आणि पगार काय मिळतो, हेही वडिलांनाच विचारू दे. उत्तर चांगलं आलं तर तुझं काम सोपं होईल. फारसं चांगलं आलं नाही तरी तुम्ही दोघं निदान खऱ्या माहितीवर बोलाल, आणि नीटचा फॉर्म भरायचा की नाही हे त्यानंतर ठरवा.